भूतान, डिसेंबरअखेर: सासूबाई आणि नऊ वर्षांची लेक सोबत. जावं का?

ओंजळ:

नमस्कार मंडळी. नाताळच्या सुट्टीत भूतानला जायचं घाटतंय. आम्ही दोघं, सासूबाई (वय ७१, गुडघे कुरकुरतात, बीपीची गोळी चालू) आणि नऊ वर्षांची लेक. पुण्याहून निघणार. खरं तर मे महिन्यात जायचं होतं, पण नवऱ्याला तेव्हा रजा नाही, आणि मे महिन्यात डोंगरात जाऊन पुन्हा आपल्याच सोसायटीतले लोक भेटावेत अशी माझीही इच्छा नाही.

अडचण अशी की दोन टूरवाल्यांकडे चौकशी केली तर दोन टोकांची उत्तरं आली. एक म्हणतो, "मॅडम, ऑफ-सीझन आहे, सगळं बंद असतं, आजी आजारी पडतील, तुम्ही केरळ करा." दुसरा म्हणतो, "स्नोफॉल गॅरंटीड! मुलगी खूश होऊन जाईल." लेकीने ते दुसरं वाक्य ऐकलं आणि शाळेत जाहीर करून टाकलं.

तर खरं काय? बर्फ मिळतो का? सासूबाईंना थंडी झेपेल का? तो कड्यावरचा मठ त्यांना जमेल का? आम्ही शाकाहारी आहोत, अंडं चालतं. कुणी खरंच थंडीत राहून आलं असेल तर सविस्तर लिहा, प्लीज.

झटपट_राव:

आम्ही मेमध्ये गेलो होतो. तेव्हाच रात्री स्वेटर लागला. डिसेंबरात विचारही करू नका. सरळ मनाली करा, बर्फ मिळेल आणि पैसे वाचतील.

वांगदूची माई:

ओंजळ, तुमचे दोन्ही टूरवाले चुकीचं सांगतायत, पण दुसऱ्यापासून जास्त सावध राहा. डिसेंबरअखेर बर्फाची हमी पारो किंवा थिंफूत कुणी देऊ शकत नाही. थिंफूत वर्षाकाठी एखाद-दोनदा बर्फ पडतो, तोही बहुतेक जानेवारी-फेब्रुवारीत, आणि एखादं वर्ष तसंच कोरडं जातं. तिथे पहिला बर्फ पडला की सरकारी सुट्टी असते. यावरून काय ते समजा. रोज पडणाऱ्या गोष्टीची कुणी सुट्टी देत नाही.

आमचे हे पुनात्सांगछू जलविद्युत प्रकल्पावर होते, म्हणून आमचा संसार काही वर्षं वांगदूला होता. मेमध्ये मुलांच्या सुट्टीत आम्ही साताऱ्याला यायचो, त्यामुळे गंमत अशी की भूतानचा 'सीझन' मी फारसा पाहिलाच नाही. पाहिले ते हिवाळेच. त्या जोरावर लिहिते, लांबलं तर समजून घ्या.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. भूतानी माणूस थंडीत काय करतो? खाली उतरतो. थिंफू सुमारे २,३०० मीटरवर आहे, पुनाखा त्याहून जवळजवळ हजार मीटर खाली. तिथले मुख्य धर्मगुरू, जे खेन्पो, आणि त्यांच्यासोबतचा सगळा भिक्षुसंघ दर हिवाळ्यात थिंफू सोडून पुनाखाच्या झोंगमध्ये, म्हणजे किल्लेवजा मठात, राहायला येतो, तो वसंतात परत वर जातो. तीनशेहून जास्त वर्षांची ही पद्धत आहे. १९५० च्या दशकापर्यंत देशाची राजधानीच पुनाखाला होती. फोबजिखासारख्या उंच खोऱ्यातली कितीतरी घरंही थंडीत बंद होतात, माणसं गुराढोरांसकट खाली येतात. आणि आपल्याकडची पॅकेजं बघा: थिंफूला दोन रात्री, पारोला तीन रात्री आणि पुनाखा 'डे ट्रिप'! म्हणजे जिथे अख्खा देश ऊब शोधत जातो तिथे तुम्ही दोन तास, आणि जिथून लोक उठून गेले तिथे हीटरला चिकटून पाच रात्री. हे उलटं करा. पुनाखाला किमान दोन रात्री, जमलं तर तीन. तुमच्या सासूबाईंचा प्रश्न इथेच निम्मा सुटतो.

पुनाखाला डिसेंबरात दुपारी नुसत्या स्वेटरवर, कधी त्याच्याशिवायही बसता येतं. रात्री गारठा असतोच, पण आपल्या महाबळेश्वरला थंडीत राहिलेल्या माणसाला नवा नाही. भात कापून झालेला असतो, खाचरं रिकामी, रस्त्याकडेला संत्र्यांचे ढीग. संत्री घ्याच, तिथली हिवाळी संत्री सालीला सुटी आणि गोड असतात. झोंग दोन नद्यांच्या संगमावर आहे, फो छू आणि मो छू. पावसाळ्यात त्यांचं पाणी गढूळ असतं. थंडीत मात्र हिरवंनिळं आणि इतकं नितळ की तळाचे गोटे दिसतात. झोंग बांधला झाबद्रुंग ङावांग नामग्याल यांनी, १६३७-३८ साली. पहिल्या राजाचा राज्याभिषेकही इथलाच, १७ डिसेंबर १९०७ चा, म्हणून १७ डिसेंबर त्यांचा राष्ट्रीय दिन. तुम्ही जाल तेव्हा तो होऊन गेलेला असेल, पण भिक्षू तिथे असतील. मेमध्ये जाणाऱ्यांना झोंगची इमारत दिसते. तुम्हाला त्यात राहणारी माणसं दिसतील. प्रार्थनेच्या वेळी गेलात तर त्या लांबलचक शिंगांचा आवाज छातीत घुमतो. आत जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे हवेत आणि टोपी काढावी लागते, कानटोपीसुद्धा. सासूबाईंना आधी सांगून ठेवा, आमच्या आईंनी तिथे दारातच शिपायाशी वाद घातला होता.

आता थंडीचं. भूतानची थंडी कोरडी आणि उन्हाची असते. ऊन आहे तोवर काही वाटत नाही, सावलीत पाय टाकला की हाडापर्यंत. खोरी अरुंद असल्यामुळे दुपारी साडेतीन-चारलाच डोंगराची सावली खाली येते आणि अर्ध्या तासात सगळं बदलतं. म्हणून पुण्याची सवय सोडा, पहाटे सहाला निघून 'पॉइंट' करायचे नाहीत. नऊ-साडेनऊला ऊन अंगावर आल्यावर बाहेर पडा, चारला खोलीत परत. दिवसाला एक ठिकाण, फार तर दोन. ड्रायव्हर कुरकुर करणार नाही, उलट खूश होईल. कारण सकाळी घाटात जिथे ऊन पोचत नाही अशा वळणांवर डांबरावर पाण्याचा पातळ थर गोठलेला असतो आणि तो दिसत नाही. दोचुला खिंडीत, आणि फोबजिखाच्या वाटेवर तर नक्कीच. तिथले ड्रायव्हर याला सरावलेले असतात, पण तुम्ही त्यांना घाई केलीत तर ते पाहुण्याचा मान म्हणून निघतील. घाई करू नका.

वांगदूला दुपारनंतर वारा सुटतो, रोज, नेमाने. वाळत घातलेलं कापड मी तिथे कधी बारानंतर बाहेर ठेवलं नाही. समोरच्या टेकाडावरचा झोंग २०१२ च्या जूनमध्ये आगीत जळाला होता. आम्ही होतो तेव्हा त्याचं लाकूडकाम चालू होतं, सकाळी वारा पडलेला असला की तासण्याचा आवाज खालपर्यंत यायचा. आता तो पुन्हा पूर्ण उभा राहिलाय. पुनाखाहून फोबजिखाला जाताना वाटेत दिसतो, दुपारच्या आत तिथून पुढे निघा एवढंच.

हॉटेल ठरवताना तारे मोजू नका. फोन करून तीन गोष्टी विचारा: खोलीत बुखारी आहे की विजेचा हीटर, आंघोळीला गरम पाणी सकाळी किती वाजता येतं, आणि खोलीवर सकाळचं ऊन येतं का. तिसरा प्रश्न ऐकून ते हसतील, पण उत्तर देतील, कारण घर बांधताना तेही हेच बघतात. बुखारी म्हणजे लाकडं जाळायची लोखंडी शेगडी, धुराडं छतातून बाहेर. ती खोलीत असली तर सासूबाई तिच्यापासून उठायच्या नाहीत. विजेचा हीटर बरा, पण एकाच खोलीत एकच देतात, दुसरा मागून घ्या. (गंमत बघा, पाण्यावर वीज करून विकणारा देश, पण थंडीत नद्या आटतात, निर्मिती एकदम घसरते आणि आता तर हिवाळ्यात तेच भारताकडून वीज घेतात. आमचे हे याच्यावर तासभर बोलू शकतात. मी थांबते.)

मठाचं, म्हणजे ताक्त्सांगचं: गाडी जिथे थांबते तिथून पाचशे मीटरहून जास्त चढ आहे, मठ सुमारे ३,१२० मीटरवर. घोडे मिळतात, पण ते अर्ध्या वाटेवरच्या कॅफेटेरियाच्या आसपासपर्यंतच, आणि उतरताना घोड्यावर बसू देत नाहीत. कॅफेटेरियानंतर खरी परीक्षा: शेकडो पायऱ्या आधी खाली, मग पुन्हा वर. त्या मधल्या घळीत धबधबा आहे, थंडीत त्याच्या कडा गोठतात आणि आसपासच्या पायऱ्या निसरड्या होतात. एकाहत्तराव्या वर्षी, कुरकुरत्या गुडघ्यांनी, नको. उतारच जास्त दुखवतो. त्यांना पायथ्याशी उन्हात खुर्ची मिळेल, तिथूनही मठ दिसतो. तुम्ही तिघं जा, लेक तुमच्या आधी पोचेल. आणि थंडीचा खरा फायदा इथेच: हवा स्वच्छ. मेमध्ये निम्मे लोक ढगात तोंड घालून परत येतात.

तेच दोचुलाचं. सुमारे ३,१०० मीटर, तिथे १०८ चोर्तेन, म्हणजे छोटे स्तूप, आहेत. डिसेंबरात सकाळी तिथून पूर्व हिमालयाची रांग उलगडते, त्यात गांखर पुएनसुम, ७,५७० मीटर, आजवर कुणी माथ्यावर न गेलेला जगातला सगळ्यात उंच डोंगर. भूतानने उंच शिखरांवर चढाईच बंद केलीय, त्यामुळे तो तसाच राहणार. मी तिथून तो शेकडो वेळा पाहिला असेल. मेमध्ये भेटायला आलेल्या माझ्या भावाला चार कप चहा होईपर्यंत नुसतं धुकं दिसलं.

बर्फाचं शेवटी: लेकीला बर्फाला हात लावायचाच असेल तर पारोहून चेलेला खिंडीत जा. जवळजवळ ४,००० मीटर उंच आहे, दीडएक तासाचा रस्ता. नवा पडला नसला तरी कडेच्या सावलीत जुना, कडक, मळका बर्फ बहुतेक असतो. समोर जोमोल्हारीचं शिखर. जोराचा बर्फ पडून गेला तर रस्ता एखाद-दोन दिवस बंद, तेव्हा हट्ट नको. सासूबाईंना इतक्या उंचीवर न्यायचं की नाही हे त्यांच्या डॉक्टरांना विचारा, त्या दिवशी त्या पारोत आराम करू शकतात.

पाणथळ:

माईंनी फोबजिखाचा उल्लेख केला आणि क्रौंच राहिले! काळ्या मानेचे क्रौंच तिबेटच्या पठारावरून ऑक्टोबरअखेर तिथे उतरतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये परत जातात. मे-जूनमध्ये जाणाऱ्याला ते दिसतच नाहीत, त्यांच्यासाठी हाच सीझन. मी फक्त त्यांच्यासाठी गेलो होतो. खोरं जवळजवळ ३,००० मीटरवर, मधोमध पाणथळ गवताळ पट्टा. रात्री क्रौंच उथळ पाण्यात उभे राहतात, सकाळी ऊन आलं की शेतात चरायला पसरतात. माहिती केंद्रात दुर्बीण लावलेली असते, मुलीला तिथे तासभर सोडा. जखमी होऊन उडता न येणारा एक क्रौंचही मी गेलो तेव्हा तिथे सांभाळलेला होता, तो अगदी जवळून बघता आला.

कॅमेरा असेल तर एक सांगतो, जवळ जायचा मोह टाळा. ठरलेली पायवाट सोडून दलदलीत उतरलात की थवा उठतो आणि गावकरी चिडतात, बरोबरच आहे त्यांचं. बॅटरी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवा, गारठ्यात अर्ध्या वेळात संपते. पुनाखा-वांगदूच्या नदीकाठी ब्राह्मणी बदकं खात्रीने दिसतील. नशीब जोरावर असलं तर पांढऱ्या पोटाचा बगळा. जगात अगदी मोजके उरलेत, त्यातले काही याच नद्यांवर असतात. मला तीन फूट धुक्यात एक राखाडी मान दिसली, तोच होता असं मी घरी सांगतो.

वांगदूची माई:

पाणथळ, मुद्दामच ठेवले होते, कारण फोबजिखाला रात्र काढायची की नाही हा ओंजळच्या घरात भांडणाचा विषय होणार. तिथे रात्री तापमान शून्याच्या बरंच खाली जातं, नळ गोठतात, सकाळी नऊपर्यंत बादलीत आणून दिलेल्या गरम पाण्यावर भागवावं लागतं. पण पुनाखाहून जाऊन-येऊन करायचं म्हटलं तर आखूड दिवसात पाच-सहा तास गाडीतच जातात आणि क्रौंच दिसतात ते भर दुपारी, लांब चरताना. मी म्हणेन, एक रात्र राहाच, पण बुखारीवाल्या घरात. त्या खोऱ्यात विजेच्या तारा जमिनीखालून नेल्यात, पक्षी आदळू नयेत म्हणून. त्यामुळे फोटोत तार येत नाही. आमच्या घरातल्या वीजवाल्या माणसाला भूतानातली सर्वांत जास्त आवडलेली गोष्ट हीच, क्रौंच नव्हे.

हिशेबतपासनीस:

थंडीचं झालं, आता खिशाचं बोला. भारतीयांनाही दर माणशी दर रात्री १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क आहे. सहा ते बारा वयाच्या मुलांना निम्मं. म्हणजे ओंजळच्या घराला रात्रीला ३,६०० अधिक ६०० असे ४,२००. सहा रात्रींचे २५,२००, आणि यात हॉटेल, गाडी, जेवण काहीच नाही. झोंगांचं, मठांचं प्रवेशशुल्क वेगळं. एवढ्या पैशांत सिक्कीम होऊन जातं. डोंगर तेच, झेंडे तेच.

वांगदूची माई:

हिशेब बरोबर आहे. आमच्या काळी भारतीयांना हे शुल्क नव्हतं, २०२० पासून लागलं, आणि मलाही ते जास्तच वाटतं. दोन गोष्टी मात्र त्यात घाला. फुंत्शोलिंगला, म्हणजे सीमेवर, पहिल्या रात्री मुक्काम केलात तर त्या रात्रीचं शुल्क लागत नाही. आणि डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी हॉटेलांचे भाव उतरतात. मेमध्ये जे हॉटेल 'फुल' म्हणतं तेच जानेवारीत बुखारीचं लाकूडही बिलात धरत नाही. विचारायला लाजू नका. काही मोठी हॉटेलं मात्र याच काळात डागडुजीसाठी बंद असतात, तेव्हा आगाऊ पैसे भरण्याआधी चालू आहे ना, हे विचारा. सिक्कीमचं म्हणाल तर डोंगर तेच असतील, पण पुनाखासारखं खाली उतरलेलं उबदार खोरं आणि त्यात राहायला आलेला अख्खा भिक्षुसंघ मला तिथे सापडला नाही. ज्याला नुसता बर्फ हवा त्याने सिक्कीमलाच जावं, तुमचं खरं आहे.

ओंजळ:

माई, तुमचं उत्तर सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. कानटोपीच्या मुद्द्यावर त्या गप्प झाल्या, बुखारीवर खुलल्या. लेकीला 'मळका बर्फ' फारसा पसंत नाही पण क्रौंचांवर तडजोड झालीय.

आता राहिलेलं: कागदपत्रं कोणती? बागडोगऱ्याहून गाडीने जावं की विमानाने पारोला? खाण्याचं काय? आणि गरम दगडांची आंघोळ म्हणून काहीतरी असतं म्हणे, ती गुडघ्यांना चांगली का?

वांगदूची माई:

आधार कार्ड चालत नाही, हे घरातल्या सगळ्यांना आजच सांगा. मोठ्यांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र. पासपोर्टची मुदत अजून सहा महिने तरी असू द्या. लेकीला पासपोर्ट नसेल तर जन्मदाखला, मूळ प्रत, इंग्रजीतला. आपल्याकडे मराठीतले दाखले असतात, तो असला तर पालिकेतून इंग्रजी काढून घ्यायला आत्ताच लागा.

जाताना गाडीने, येताना विमानाने असं मी सुचवेन, तिकीट परवडलं तर. जाताना गाडीने गेल्याने उंची हळूहळू वाढते: फुंत्शोलिंग जवळजवळ मैदानात, दुसऱ्या दिवशी दीडशे किलोमीटर चढून थिंफू. गेदू-चुखाच्या पट्ट्यात धुकं असतं, दिवसाउजेडी पार करा. पारोला विमानं फक्त दिवसा आणि डोळ्यांनी डोंगर बघत उतरतात-उडतात, आणि दुपारी खोऱ्यात वारा वाढतो, म्हणून बरीचशी सकाळीच सुटतात. शेवटची रात्र त्यामुळे पारोलाच. खरी काळजी भूतानची नाही, बागडोगऱ्याची. डिसेंबरअखेर-जानेवारीत तिथे मैदानातलं दाट धुकं असतं आणि विमानं तासन्‌तास उशिरा येतात. पुण्या-मुंबईच्या परतीच्या विमानात भरपूर अंतर ठेवा, शक्य तर एक रात्र सिलिगुडीत काढा.

मी असं लावेन: फुंत्शोलिंग एक, थिंफू एक, पुनाखा दोन, फोबजिखा एक, येताना पुन्हा पुनाखा एक, मग पारो दोन. फोबजिखाहून थेट पारो एका दिवसात करू नका, टूरवाला नक्की तसं घालेल. बुमथांग कुणी सुचवलं तर हसून नाही म्हणा. ते पेलेला खिंडीच्या पलीकडे आहे, तिथे थंडीत जायला दिवस हातात मोकळे हवेत. दोन जानेवारीला त्यांची संक्रांतीसारखी सुट्टी असते, सरकारी कचेऱ्या बंद, परवान्याचं काही काम असेल तर त्याआधी उरका.

पैसे: भारतीय रुपया आणि त्यांचं चलन ङुल्त्रुम सारखेच, आपल्या नोटा घेतात, सुटे मात्र ङुल्त्रुममध्ये परत मिळतात. ते तिथेच संपवा, पुण्यात कुणी घेणार नाही. भीम यूपीआय तिथे २०२१ मध्ये आलं, पण फोबजिखाच्या दुकानात त्यावर विसंबू नका.

कपडे: एक जाडजूड जाकीट घेण्यापेक्षा थर घाला. आतून थर्मल, मग लोकर, वर वारा अडवणारं काहीतरी. लोकरी मोजे दोन जोड जास्त, कारण ताक्त्सांगला घाम येतो आणि ओले मोजे पायात राहिले की संपलंच. बुटाच्या तळव्याला खाचा हव्यात, गुळगुळीत तळाचे 'वॉकिंग शूज' नकोत. सासूबाईंना लाकडी जमिनीवर चालायला घरातल्या सपाता. पॅराशूटची बाटली नेऊ नका, आमची नोव्हेंबरात गोठायची ती मार्चपर्यंत. आणि ओठांना लावायला काहीतरी, प्रत्येकी एक. लेकीचं तुम्ही वापरायला लागाल तेव्हा भांडण होईल.

दगडांची आंघोळ, दोत्सो, गुडघ्यांना बरी वाटते हे खरं. नदीतले दगड विस्तवात लाल करून लाकडी टबात सोडतात, त्यात दवण्याच्या जातीचा पाला असतो. तयार व्हायला दोनेक तास लागतात, आधी सांगून ठेवावं लागतं. पण बीपीच्या माणसाने त्यात डुंबत राहू नये. डॉक्टर नाही म्हणाले तर नुसते पाय सोडून बसायचं, तेही पुष्कळ झालं. शेतघरात करा, हॉटेलात तेच दुप्पट पैशांत मिळतं.

खाण्याची चिंताच करू नका. एमा दात्शी म्हणजे मिरच्यांचीच भाजी, चीजमध्ये. तिथे मिरची मसाल्यात जात नाही, भाजीत जाते. लेकीला केवा दात्शी द्या, बटाट्याची, आणि शामू दात्शी, अळिंब्यांची. सांगितलं तर मिरची कमी घालतात, बिनमिरचीची सांगितली तर दोनदा विचारतात. लाल भात, डाळ, पालेभाजी सगळीकडे मिळते. थंडीत दोरीवर सुकत टाकलेल्या मांसाच्या पट्ट्या दिसतील, बघायची तयारी ठेवा. लोणी-मिठाचा चहा एकदा प्या, चहा समजून पिऊ नका, सूप समजून प्या.

ओंजळ:

तिकिटं बघायला घेतली! पुनाखा तीन रात्री, टूरवाल्याला सांगितलं तर म्हणाला, "मॅडम, तिथे एवढं काय करणार?" मी म्हटलं, बसणार.

सासूबाई विचारतायत, भाकरीचं पीठ आणि तवा बरोबर घेतला तर?

वांगदूची माई:

तवा नको हो, बागडोगऱ्याला बॅग उघडायला लावतील. पिठाचंही ओझंच. मेतकूट न्या, घट्ट झाकणाच्या डब्यात. लाल भात गरम असतानाच त्यावर घालायचं, तूप तिथलं लोणी. वांगदूच्या आमच्या घरमालकिणीने पहिल्यांदा चाखलं तेव्हा डबा परत द्यायलाच तयार नव्हती, म्हणून दोन डबे न्या.